मोठ्या कोठारातलं पहिलं वर्ष: गेलिक संस्कृती विद्यापीठात शिकतात म्हणजे काय करतात?

स्कॉटलंडमध्ये हेमिश नावाची माणसं बरीच आहेत. गंमत अशी, की मूळ गेलिक भाषेत असं नावच नाही. मूळ नाव आहे शेमस. पण शेमसला हाक मारायची झाली तर गेलिक माणूस नाव आहे तसं उच्चारत नाही. संबोधन लागतं आणि शब्दाचं तोंडच बदलतं: ‘अ हेमिश!’ ही हाक ऐकणाऱ्या परभाषकांनी हाकेलाच नाव समजून घेतलं. मारीचंही तसंच झालं. तिला ‘अ वारी!’ अशी हाक मारतात, आणि आज ‘वारी’ हे तिकडे मुलींचं स्वतंत्र नाव होऊन बसलं आहे. आपल्याकडे कुणी ‘अरे रामा!’ ऐकावं आणि हजेरीपटावर ‘रामा’ लिहावं, तसा हा प्रकार.

गेलिक संस्कृती शिकायची म्हटल्यावर विद्यापीठं आधी एक अख्खं वर्ष भाषेत का घालवतात, हे मला या एका उदाहरणातून समजलं. कारण ही संस्कृती शब्दांच्या अशा वळणांत बसलेली आहे. भाषांतर हातात घेतलं की हेमिश भेटतो, शेमस भेटत नाही.

आधी नावांचा घोळ निस्तरू. गेलिक म्हटलं की तीन सख्ख्या भाषा डोळ्यांसमोर आणाव्या लागतात: आयर्लंडची आयरिश, स्कॉटलंडची गेलिक आणि मॅन बेटावरची मँक्स. वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश या त्यांच्या चुलत बहिणी. केल्टिक घराण्यातल्याच, पण दुसऱ्या शाखेच्या. मँक्सचा शेवटचा जन्मजात भाषक मानला जाणारा माणूस १९७४ साली गेला. आज ती भाषा शिकून बोलणाऱ्यांमुळे पुन्हा कानावर येते. स्कॉटलंडचे लोक आपल्या भाषेचं नाव ‘गालिक’च्या जवळ जाईल असं उच्चारतात. या लेखात मी तिच्याबद्दलच लिहितो आहे.

१८९१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांहून जास्त होते. २०११ मध्ये ते सुमारे ५७ हजारांवर आले. २०२२ मध्ये आकडा पुन्हा वाढून जवळपास ७० हजार झाला. पण त्याच जनगणनेत, जिथे ही भाषा चुलीपाशी बोलली जाते त्या पश्चिम बेटांवर, गेलिक बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली घसरलं. म्हणजे शाळा-कॉलेजांतून शिकणारे वाढले आणि घरात बोलणारे घटले. विद्यापीठातलं पहिलं वर्ष याच दोन टोकांच्या मधे उभं आहे.

आता या पहिल्या वर्षाचं आणि ‘फाउंडेशन इयर’चं नातं काय ते पाहू. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची असते, आणि ज्यांची तयारी कमी पडते त्यांच्यासाठी तिच्या आधी एक पायाभरणीचं वर्ष जोडतात. स्कॉटलंडची घडण वेगळी आहे. तिथे ऑनर्स पदवीच चार वर्षांची, त्यामुळे पहिलं वर्ष मुळातच पाया घालण्याचं असतं. त्या वर्षाचे १२० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा साधारण दहा तासांचा अभ्यास, त्यात वर्गातले तास आले आणि एकट्याने केलेलं वाचनही आलं. म्हणजे बाराशे तास. एवढ्यावर थांबायचं असेल तर उच्चशिक्षणाचं स्वतंत्र प्रमाणपत्र मिळतं. पुढे जायचं असेल तर तेच तास पदवीत धरले जातात. गेलिकमध्ये पदवीला ‘केम’ म्हणतात, आणि केमचा पहिला अर्थ आहे पाऊल.

हे पहिलं पाऊल टाकायची माझ्या मते सगळ्यांत योग्य जागा म्हणजे स्काय बेटाच्या दक्षिणेला, स्लेट द्वीपकल्पावर असलेलं साउल मोर ओस्टाग. ‘साउल’ म्हणजे कोठार, ‘मोर’ म्हणजे मोठं: ओस्टागचं मोठं कोठार. नाव शब्दशः खरं आहे. इयन नोबल या जमीनमालकाने १९७३ मध्ये शेतावरच्या जुन्या दगडी इमारतींत हे कॉलेज सुरू केलं. सुरुवातीला छोटे सुट्टीतले वर्ग असत, १९८३ पासून पूर्णवेळ अभ्यासक्रम आले, आणि आज ते हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाचा भाग आहे. मालेगहून फेरीबोटीने आर्माडेलला उतरलं की कॉलेज तिथून जवळच.

तिथल्या एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचं नाव ‘अन कूर्सा कोमिश’. कोमस म्हणजे क्षमता, अंगात असलेलं बळ. ज्यांना भाषेची तोंडओळख आहे त्यांना ती रोजच्या वापरात आणून देणं, हे या वर्षाचं काम. वर्गात गेलिक, कँटीनमध्ये गेलिक, कार्यालयात अर्ज द्यायचा तोही गेलिकमध्ये. चहा मागताना अडखळलात तर मागे रांग उभी आहे, आणि तरी इंग्रजीत शिरायचं नाही. पोहायला शिकताना काठावर बसून हातवारे करण्यात आणि पाण्यात उतरण्यात जो फरक आहे, तोच इथे आहे. या वर्षाआधी, घरबसल्या दूरशिक्षणाने करायचा प्रवेश अभ्यासक्रमही याच संस्थेचा आहे.

भाषा अवघड आहे का, असं मला विचारतात. इंग्रजी माणसाला आहे. मराठी माणसाला ती काही ठिकाणी इतकी ओळखीची वाटते की वाचताना थांबावं लागतं.

गेलिकमध्ये ‘हॅव’ या अर्थाचं क्रियापद नाही. ‘हा ल्योअर अकम’: आहे पुस्तक माझ्यापाशी. इंग्रजी विद्यार्थी इथेच ठेचकाळतात. आपण तर रोज असंच बोलतो. भूक आपण ‘बाळगत’ नाही, ती आपल्याला लागते. गेलिक माणसाची भूक त्याच्या अंगावर येते. प्रेमाचं तर पाहाच. ‘हा गूल अकम ओर्श्त’: आहे प्रेम माझ्यापाशी तुझ्यावर. शब्दांचा क्रम थोडा हलवला की सरळ मराठी वाक्य होतं, त्यातल्या ‘वर’सकट. हो आणि नाही यांना वेगळे शब्द नाहीत. ‘जेवलास का?’ याला आपण जसं ‘जेवलो’ म्हणतो, तसं तिथे प्रश्नातलं क्रियापदच परत करायचं. ‘अ वेल ऊ स्की?’, दमलास का? ‘हा’, आहे, किंवा ‘खान येल’, नाहीये. जुनी मोजणी विसाच्या पटीत चाले, साठ म्हणजे तीन विसा. खेड्यातल्या आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

यातल्या बऱ्याच साम्यांना योगायोग म्हणता येईल. एका ठिकाणी मात्र रक्ताचं नातं आहे. गेलिकमध्ये ‘जेस’ या शब्दाचे दोन अर्थ: उजवा आणि दक्षिण. रोमन लिपीत तो ‘द’च्या अक्षराने सुरू होतो, आणि तो आपल्या ‘दक्षिण’ शब्दाचा दूरचा भाऊ आहे. संस्कृतातही दक्षिण म्हणजे उजवा आणि दक्षिण दिशाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा: उजवा हात दक्षिणेला जातो, पाठ पश्चिमेला. ‘पश्चिम’मध्ये मागचं, नंतरचं हा अर्थ आहे; गेलिकच्या ‘इअर’ या शब्दातही तेच, पश्चिम आणि नंतर. म्हणून पश्चिम बेटांच्या नावात ‘इअर’ आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या बिरुदातही. सूर्याच्या वाटेने उजवीकडून फिरण्याला गेलिकमध्ये ‘जेशल’ म्हणतात. आपण प्रदक्षिणा म्हणतो. होडी किनाऱ्यावरून सुटताना, विहिरीला फेरी घालताना, जेशल जायचं हा तिकडचा जुना रिवाज.

सगळं इतकं सोपं नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे विभक्ती शब्दाच्या शेपटीला लागते: घर, घराला, घरात. गेलिकमध्ये शब्दाची सुरुवातही मऊ पडते. ‘बाता’ म्हणजे होडी, माझी होडी म्हटलं की ‘मो वाता’. ‘मोर’ हे विशेषण स्त्रीलिंगी नामाशेजारी आलं की ‘वोर’ होतं, आपल्या मोठा-मोठीसारखं, फक्त बदल पुढच्या टोकाला. शब्दकोशात पाहायचं तर कुठल्या अक्षराखाली पाहायचं हेच आधी ओळखावं लागतं. पहिल्या वर्षाचे कितीतरी तास यात जातात आणि ते जायलाच हवेत, कारण हे अंगवळणी पडल्याशिवाय नकाशासुद्धा वाचता येत नाही. नकाशा म्हणतो तो अक्षरशः. इन्व्हरनेस म्हणजे नेस नदीचं मुख. बालाखुलिश म्हणजे अरुंद खाडीवरचं गाव. मोजणी करणाऱ्यांनी ही नावं कानाला येतील तशी इंग्रजी वळणात लिहिली, आणि अर्थ मिटून गेले. आपल्या खिंडी, वाड्या, माळ आणि टेंभे यांची नावं कुणी अर्थ न कळता लिहिली तर जे होईल ते.

भाषेत पाय रोवला की संस्कृतीचा अभ्यास सुरू होतो, आणि तो जमिनीपासून सुरू होतो. ‘दूखस’ हा शब्द त्यासाठी कळीचा. याला एक मराठी शब्द नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे माणसाचा जमिनीवर जडलेला हक्क आणि जमिनीचा माणसावर असलेला हक्क, असा त्याचा दुहेरी अर्थ. क्लॅनचा, म्हणजे एका वंशाच्या टोळीचा, सरदार हा जमिनीचा राखणदार, मालक नव्हे, अशी लोकांची धारणा होती. कागदावर मात्र तो मालक होता. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेने हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, बंडखोर टोळ्यांचा पराभव केला, सरदारांची सत्ता कायद्याने मोडली, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावंच्या गावं उठवली गेली. माणसं कॅनडाला गेली, ग्लासगोला गेली, समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर गेली. या हुसकावणीला ‘क्लिअरन्सेस’ म्हणतात. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सगळ्यांना सक्तीची केली, पण त्यात गेलिकला जागाच ठेवली नाही. गेलिक बोललं म्हणून शाळेत मार खाल्ल्याच्या आठवणी घराघरांत आहेत.

स्काय बेटावरच, ब्रेझ इथे, १८८२ मध्ये कुळांनी चराईच्या हक्कासाठी खंड थांबवला आणि ग्लासगोहून आलेल्या पोलिसांना दगडांनी अडवलं. त्यात बायका पुढे होत्या. पुढच्या वर्षी चौकशी आयोग आला, आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टर म्हणजे छोट्या तुकड्यावरच्या कुळाला जमिनीवरून हुसकता येणार नाही असं ठरलं. मराठी वाचकाला कूळकायदा माहीत आहे, त्यामुळे याचं मोल वेगळं सांगायला नको. या लढ्याची गाणी रचणारी कवयित्री स्कायचीच: मारी वोर नन ओरान, गाण्यांची मोठी मारी. जन्म १८२१, मृत्यू १८९८. चोरीचा आळ येऊन ती १८७२ मध्ये इन्व्हरनेसच्या तुरुंगात गेली. आळ खोटा असल्याचं ती शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि गाणी रचायला तिने त्या अपमानानंतरच सुरुवात केली. पन्नाशी ओलांडल्यावर. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

विसाव्या शतकात याच वेदनेतून सोर्ली मॅक्लीन लिहितो. शेजारच्या रासे बेटावर १९११ मध्ये जन्मलेला हा कवी. हालेग हे तिथलं उठवलेलं गाव. त्याच्या कवितेत त्या ओसाड गावातली झाडं, भूर्ज आणि हेझल, गावातल्या मुली होऊन चालू लागतात. गेलिकमध्ये झाडांची जुनी नावं आणि माणसांच्या वंशावळीचे शब्द एकमेकांच्या किती जवळ राहतात हे ठाऊक असलेल्या वाचकाला ही कल्पना कवीने मुद्दाम जुळवलेली वाटत नाही.

आता एक गोष्ट आपल्या मातीवरची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली. त्याच्या सैन्यात ७४ आणि ७८ क्रमांकाच्या दोन हायलँडर पलटणी होत्या. ७८ वी उभी राहिली १७९३ मध्ये, रॉस-शायर आणि लुईस बेटावरच्या माणसांतून. त्यांतल्या अनेकांची घरची भाषा गेलिक. त्या दुपारी केळणेच्या काठावर मराठी आणि गेलिक या दोन्ही भाषांत माणसं आईला हाका मारत मेली असणार. ७४ व्या पलटणीची तर दाणादाण उडाली. पुढे या पलटणींच्या बिल्ल्यावर हत्ती आणि ‘असई’ हे नाव आलं. हायलँड्समध्ये मुलगा पलटणीत दिला तर बापाची जमीन टिकेल, अशा आशेवरही भरती होत असे. आणि त्यानंतरच्या दशकांत तीच बेटं रिकामी केली गेली. जिच्यावर अन्याय झाला ती संस्कृती साम्राज्याची तलवारही होती. चांगल्या अभ्यासक्रमात ही बाजू टाळता येत नाही, आणि मला वाटतं महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्याने तर ती स्वतःहून वर्गात मांडावी.

पहिल्या वर्षात आणखी एक सवय लावतात: साधनाकडे संशयाने पाहण्याची. १७६० च्या दशकात जेम्स मॅकफर्सनने ऑसियन नावाच्या प्राचीन कवीची भाषांतरं म्हणून काही ग्रंथ छापले. युरोप वेडा झाला, नेपोलियनसुद्धा. सॅम्युअल जॉन्सनने ते सरळ बनावट ठरवलं. आज दिसतं ते मधलं आहे: खेड्यापाड्यांत खरे पोवाडे होते, मॅकफर्सनने त्यांतले धागे घेतले आणि बराच मोठा भाग स्वतः विणला. टार्टन म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड आणि धुकं यांची जी हायलँड-प्रतिमा पर्यटकांना विकली जाते तिची एक मुळी इथे आहे.

वर्तमानही निवांत नाही. हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाच्याच संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं की बेटांवर रोजच्या व्यवहारात ही भाषा वापरणारे साधारण ११ हजारच उरलेत, त्यांतले बहुतेक उतारवयाचे, आणि असंच चाललं तर दहाएक वर्षांत ती गावाची भाषा राहणार नाही. यावर मोठा वाद झाला. एक बाजू म्हणते, शहरातले शिकाऊ भाषक, १९८५ पासूनच्या गेलिक माध्यमाच्या शाळा, २००८ पासूनची बीबीसी अल्बा वाहिनी, फोनवरच्या अ‍ॅपमधून शिकणारे दहा लाखांहून अधिक लोक, हीच आता आशा. दुसरी म्हणते, बेटावर घर, नोकरी आणि बोट नसेल तर भाषा हवेत तरंगेल. मला दुसरी बाजू जास्त पटते. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिकला अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला हे चांगलंच झालं, पण आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलते यावर कायद्याची पोच फार नाही.

इथून कुणाला हे करायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. पूर्णवेळ वर्षासाठी व्हिसा लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी व अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या संस्थेकडून थेट आणि लेखी घ्याव्यात. भाषा अजिबात येत नसेल तर एकदम तिकीट काढू नका. आधी घरून भाषा सुरू करा आणि मग एखादा उन्हाळी वर्ग पाहा, साउल मोर ओस्टागमध्ये ते होतात. केवळ इतिहास आणि वाङ्मयात रस असेल तर ग्लासगो विद्यापीठात केल्टिक संस्कृतीचा अभ्यास इंग्रजीतून करता येतो. एडिंबरालाही जुना विभाग आहे. केल्टिकचं अध्यासन तिथे १८८२ पासून. तो मार्ग हलका आहे असं मी म्हणणार नाही. पण तिथे आपण पाहुणे राहतो. ‘केली’ या शब्दाचा आज सगळीकडे नाचगाण्याचा कार्यक्रम असा अर्थ झाला आहे. मुळात केली म्हणजे संध्याकाळी शेजाऱ्याकडे जाऊन बसणं, शेकोटीपाशी गोष्टी, गाणी, वंशावळी, कुणाची गाय व्याली याच्या बातम्या. तिकीट काढून गेलेल्याला पहिला अर्थ कळतो. दुसऱ्यासाठी भाषा लागते.

आणि काहीच न भरता, आज रात्रीसुद्धा करता येईल असं एक काम आहे. ‘तोबर अन दुअलखस’, म्हणजे वारशाचा झरा, या नावाच्या संकेतस्थळावर गावोगावी केलेली हजारो जुनी ध्वनिमुद्रणं मोफत ऐकायला ठेवली आहेत. त्यांतली बरीच १९५१ मध्ये सुरू झालेल्या एडिंबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन घेतलेली. तिथे ‘ओरान लुई’ शोधा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका लांब फळीभोवती बसून ते ओलं कापड आपटत, आणि हाताला ताल मिळावा म्हणून गात. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या ‘हो रो’सारख्या निरर्थक अक्षरांचं पालुपद धरतात. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना पाळ्याच्या घरघरीऐवजी इथे कापडाचा दणका ऐकू येईल. कुणाचा नवरा समुद्रात बुडालाय, कुणी प्रियकराच्या नावाने चिडवते आहे. दणका पडतो आणि कापड पुढच्या बाईच्या हातात सरकतं, फळीभोवती सूर्याच्या वाटेने, जेशल.